शेजाऱ्यांना वाय-फाय देण्याआधी: नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

सिडकोत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत किंवा सातपूरच्या अशोकनगरात गॅलरीत उभं राहून मोबाइलचं वाय-फाय चालू करा. नावांची यादी खाली खाली सरकतच राहते. निम्मी नावं आडनावांची, उरलेली कंपनीने दिली तशीच ठेवलेली. यातल्या कितीतरी कनेक्शनांवर एकाहून जास्त घरं चालतात. ‘काकू, आमचं रिचार्ज संपलंय, हिचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस आहे, जरा पासवर्ड सांगता का?’ असं म्हणत कुणी दारात आलं तर नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. फॉर्म भरून होतो, रिचार्जही होतं, पासवर्ड मात्र त्या फोनमध्ये राहतो तो राहतोच. काही ठिकाणी तर दोन घरांनी मिळून एकच कनेक्शन घेतलेलं असतं, बिल निम्मं निम्मं.

राउटरच्या, म्हणजे घरात वाय-फाय देणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये ज्यांनी कधी डोकावलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. अडीनडीला शेजाऱ्याला इंटरनेट द्यायला हरकत नाही, पण घरचा मुख्य पासवर्ड कुणालाच देऊ नका. त्यासाठी बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची वेगळी सोय असते आणि ती लावायला अर्धा-पाऊण तास पुरतो. महिनोन्‌महिने एक कनेक्शन दोन घरांत वापरायचा बेत असेल, तर तो सोडून द्या.

कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?

तुमच्या घरात पाच फोन असोत की शेजारच्यांचे धरून पंधरा, बाहेरच्या जगाला ते सगळे सहसा एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. कोणता फोन काय करतोय ते राउटरच्या आत कळतं, राउटरबाहेर गेलं की सगळं तुमच्या खात्यावर. शेजारच्या पोराने कुणाच्या नावाने खोटं इन्स्टाग्राम खातं उघडलं किंवा कुणाला धमकीचा ईमेल पाठवला, तर पोलीस त्या संकेतस्थळाकडून आयपी ॲड्रेस आणि वेळ मागवतात. मग इंटरनेट कंपनीला विचारतात, या वेळेला हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता? बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, पण पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरच्या जोडणीचा उपक्रमांक) आणि नेमकी वेळ असली की तिथूनही ग्राहक सापडतो. या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. उत्तरात जे नाव येतं ते बिलावरचं.

हे घाबरवायला सांगत नाही, आपल्याच राज्यात घडलेलं आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं माध्यमांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत गेला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. त्याचं वाय-फाय नीट बंदिस्त नव्हतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना निर्देश काढले. ‘कर नाही त्याला डर कशाला’ असं आपण म्हणतो खरं. पण करणारा वेगळा आणि निस्तरणारा वेगळा असला, की निर्दोष असूनही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता म्हणाल, आमचे शेजारी तसे नाहीत. मान्य. पण माणूस सरळ असला म्हणून त्याचा फोन सरळ असतोच असं नाही. मे 2024 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी ‘911 एस5’ नावाचं एक जाळं बंद पाडलं. लोकांनी हौसेने मोफत व्हीपीएन (आपला पत्ता लपवणारी) ॲप टाकली होती आणि त्या ॲपमधून गुन्हेगार त्यांच्याच घरच्या कनेक्शनवरून फसवणुकीचे उद्योग करत होते. जगभरातले 1.9 कोटी आयपी ॲड्रेस त्यात ओढले गेले होते. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने स्वस्तातल्या, नाव नसलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सबद्दल तसाच इशारा दिला. या डब्यांत कधी कधी कारखान्यातूनच व्हायरस भरलेला येतो आणि डबा परक्या माणसाची वर्दळ तुमच्या नावाने बाहेर सोडतो. शेजारच्या मामांनी ‘सगळे चॅनल फुकट’ म्हणून असा डबा आणला आणि तुमच्या वाय-फायला जोडला, तर मामांना यातलं काही ठाऊकही नसतं.

घराच्या आत काय काय दिसतं

मुख्य पासवर्ड मिळालेला फोन तुमच्या घराच्या आतल्या नेटवर्कमध्ये बसतो. तिथे टीव्ही असतो, प्रिंटर असतो, कधी काळी शेअर केलेलं आणि विसरलेलं संगणकावरचं फोल्डर असतं आणि हल्ली रो-हाउस असो की फ्लॅट, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, तर असतोच. या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच चालू असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने नेमकं हेच हेरलं. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड एकेक करून घालून पाहिले आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. मिराई बाहेरून आला होता. तुम्ही पासवर्ड वाटला असेल, तर आत शिरायची मेहनतही उरत नाही. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमधला कॅमेरा शेजारच्या खोलीतून बघता येणं, ही कल्पनाच अंगावर येते.

मे 2017 मधला ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस आठवत असेल. एका संगणकात शिरला की तो त्याच नेटवर्कवरच्या, अपडेट न केलेल्या बाकीच्या विंडोज संगणकांवर आपोआप उडी मारायचा. तेव्हा शेजारच्या घरातला आजारी लॅपटॉप तुमच्या नेटवर्कवर असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात वाईट शक्यता राउटरच्या सेटिंग पानाची. त्या पानाचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असाच असेल, तर वाय-फायला जोडलेलं कुणीही तिथे जाऊन डीएनएस बदलू शकतं. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा. ती बदलली की तुम्ही टाइप करता एक आणि पोहोचता भलत्याच जागी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आज बहुतेक घरांत डब्ल्यूपीए2 पद्धतीचं कुलूप आहे. त्यात ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि तुमचा फोन वाय-फायला जोडला जातानाची देवाणघेवाण ज्याने पकडली आहे, त्याला तुमच्या फोनची हवेतली वर्दळ उलगडता येते. नव्या डब्ल्यूपीए3 मध्ये ही पळवाट बुजवली आहे.

मग यूपीआयचं काय? हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा खरं तेच सांगू. बँकेची आणि यूपीआयची ॲप आपली माहिती स्वतः कुलूपबंद करूनच पाठवतात. शेजारी तुमच्या वाय-फायवर आहे एवढ्याने त्याला तुमचा पिन वाचता येत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेजही वाचता येत नाहीत. मात्र तुम्ही कोणत्या संकेतस्थळांवर जाता, त्यांची नावं जाणकाराला बऱ्याचदा कळू शकतात. आणि ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ अशी सूचना बँकेच्या पानावर आली तर तिथल्या तिथे मागे फिरा.

पैशांचा हिशेब आणि नियम

कनेक्शन वाटून वाचतात किती? दोन घरांत मिळून महिन्याला काहीशे रुपये. बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनांना महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते. एका घराला ती भरपूर, दोन घरांत दोन मोठे टीव्ही रात्रंदिवस चालले तर संपूही शकते आणि मग वेग पार झोपतो. शिवाय घरगुती कनेक्शन पत्त्याबाहेर वापरायला किंवा पैसे घेऊन पुढे द्यायला कंपन्यांच्या करारात सहसा मनाई असते. ज्यांना खरोखरच लोकांना पैसे घेऊन वाय-फाय द्यायचं आहे, म्हणजे चहाची टपरी, किराणा दुकान किंवा खानावळ, त्यांच्यासाठी सरकारने डिसेंबर 2020 मध्ये पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. त्यात वापरणाऱ्याची ओळख मोबाइल ओटीपीने नोंदली जाते, म्हणून कोण कधी जोडला गेला याचा माग राहतो.

आता कामाला लागू. रविवारी सकाळी करा, कारण मध्ये तासभर घरातलं नेट जाणार आणि कुणीतरी कुरकुरणार.

पायरी 1: राउटरच्या आत शिरा

राउटर उलटा करून त्याच्या बुडाचं स्टिकर बघा. त्यावर आतला पत्ता, वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. मोबाइलने फोटो काढून ठेवा, अक्षरं मुंगीएवढी असतात. पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, जिओच्या राउटरवर 192.168.29.1. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला ठेवून हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. स्टिकर फाटलेलं असेल तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो, तोच पत्ता. इथेही ‘कनेक्शन खासगी नाही’ अशी सूचना येऊ शकते. स्वतःच्या राउटरच्या पानावर ती चालते, पुढे जा.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं असेल तर एक अडचण येते. त्याने सेटिंगचा पासवर्ड स्वतःचा ठेवलेला असतो आणि परिसरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तोच. त्याला फोन करून मागा. ‘दादा, राउटरचं लॉगिन द्या, वाय-फायचं नाव-पासवर्ड मी बदलणार आहे’ एवढं म्हणा. टाळाटाळ करायला लागला तर घरी बोलवा आणि खालच्या पायऱ्या त्याच्याकडून समोर करून घ्या.

पायरी 2: सेटिंग पानाचा पासवर्ड बदला

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि या पानाचा वेगळा. नवखे हमखास इथे गोंधळतात. ‘सिस्टिम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाखाली तो सापडेल. बदललेला पासवर्ड कागदावर लिहून मीटरच्या बिलांच्या फायलीत ठेवा. ‘कागदावर लिहू नये’ हा सल्ला ऑफिससाठी ठीक आहे. घरातल्या फायलीपर्यंत इंटरनेटवरचा चोर पोहोचत नाही.

त्याच पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) चालू दिसलं तर बंद करा. कंपनीच्या राउटरवर काही वेळा हे बंद करता येत नाही, तेव्हा निदान पासवर्ड तरी भक्कम हवा.

पायरी 3: आत्ता कोण कोण बसलंय ते बघा

‘कनेक्टेड डिव्हाइसेस’, ‘क्लायंट लिस्ट’ किंवा ‘डीएचसीपी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते उघडा. यादीत रेडमी, विवो, गॅलक्सी अशी नावं दिसतील, एखादा टीव्ही दिसेल आणि दोन-चार ओळींत नावच नसेल. घरातले फोन एकेक करून वाय-फायवरून काढत जा आणि यादी परत परत ताजी करा. हातातला फोन सोडून आपलं सगळं निघाल्यावर जे उरतं, ते पाहुण्यांचं. हे करताना बहुतेकांचे डोळे उघडतात. मागच्या वर्षी खोली सोडून गेलेला भाडेकरू खालच्या मजल्यावर मित्राकडे आला की अजून आपल्याच वाय-फायवर असतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) न देता बनवलेला पत्ता देतात. त्यामुळे एकच फोन यादीत दोनदा, वेगळ्या ओळखीने दिसू शकतो. ‘मॅक फिल्टर लावून ठेवा, काळजी मिटली’ असं सांगणारे भेटतात. हा फिल्टर नको ते मॅक ॲड्रेस अडवतो, पण फोनमध्ये एक बटण दाबलं की तो अडसर निकामी होतो, त्यात वेळ घालवू नका.

पायरी 4: मुख्य वाय-फायचा पासवर्ड नवा करा

नाशिकमध्येच काय, बऱ्याच ठिकाणी लाडका पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाइल नंबर. केबलवाला विचारतो ‘काय ठेवू?’ आणि आपण पटकन नंबर सांगतो. तो शेजाऱ्याकडे आहेच. नसला तरी भारतातला मोबाइल नंबर 6 ते 9 यांपैकी एका आकड्याने सुरू होतो, म्हणजे एकूण 400 कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण राउटरशी होणारी देवाणघेवाण एकदा पकडली, की चांगल्या गेमिंग कार्डवर त्या सगळ्या तपासून पाहणं काही तासांचं काम आहे.

पासवर्ड किमान 8 आणि जास्तीत जास्त 63 अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, कढई, पतंग, सिन्नर, चष्मा असे काहीही, आणि ते इंग्रजी अक्षरांत मध्ये एखादा आकडा घालून लिहा. घरातल्या आजींनाही लक्षात राहतो. हेच चार शब्द घेऊ नका, हे सांगायला हवंच.

त्याच पानावर सुरक्षेची पद्धत दिसेल. डब्ल्यूपीए3 असेल तर ती किंवा ‘डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3’ अशी मिश्र निवडा. जुना टीव्ही जोडला गेला नाही तर मिश्रवर या. नुसतं डब्ल्यूपीए2 असेल तर त्यात ‘एईएस’ हा पर्याय हवा. डब्ल्यूईपी दिसलं तर राउटर बदलायची वेळ झाली, कारण ते कुलूप 2001 मध्येच फुटलंय. मग डब्ल्यूपीएस शोधा आणि बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडायची ही सोय आहे. 2011 मध्ये उघड झालं की त्या आठ आकड्यांचा पिन फार तर 11,000 प्रयत्नांत सापडतो. ते चालू असेल तर तुमचा चार शब्दांचा पासवर्ड फुकट.

वाय-फायचं नावही बदला. आडनाव आणि फ्लॅट नंबर असलेलं नाव म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला घर दाखवणं झालं.

पायरी 5: शेजाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क

खरा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा थांबून. जुन्या नाशकातले वाडे आठवा. आल्यागेल्याला ओसरीवर बसवायचे, पाणी-चहा तिथेच, माजघरात मात्र घरच्यांनीच जायचं. गेस्ट नेटवर्क ही राउटरची ओसरी. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, घरातला टीव्ही, प्रिंटर, डीव्हीआर दिसत नाही.

सेटिंगमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ शोधा, चालू करा, वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. ‘पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्यायचं का’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर नाही निवडा. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असेल तर हो, त्याने पाहुण्यांचे फोनही एकमेकांना दिसत नाहीत. काही राउटर गेस्टसाठी वेळ ठरवू देतात, दोन तास, एक दिवस. फॉर्म भरायला आलेल्यांसाठी हे झकास. वेगाची मर्यादाही घालता येत असेल तर घाला, म्हणजे आपली मीटिंग आणि त्यांचा क्रिकेट सामना एकत्र येऊन भांडत नाहीत.

आता तपासा, कारण इथे फसगत होते. फायबरसोबत फुकट मिळणाऱ्या कित्येक राउटरमध्ये दुसरं नाव देता येतं, पण आतून ते मुख्य नेटवर्कच असतं. नाव दोन, घर एक. आपला फोन गेस्टला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि तीन गोष्टी करून बघा. राउटरच्या सेटिंगचं पान उघडतंय का? यूट्यूबमध्ये टीव्हीवर पाठवायच्या चिन्हाखाली घरचा टीव्ही दिसतोय का? डीव्हीआरचा आतला पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर लॉगिन येतंय का? टीव्ही किंवा डीव्हीआर दिसला तर ती ओसरी कामाची नाही. सेटिंगचं पान उघडलं, पण बाकी काही दिसलं नाही, तर पायरी 2 मधल्या पासवर्डवर भिस्त ठेवून चालवता येईल.

राउटरमध्ये गेस्टची सोयच नसेल आणि माळ्यावर जुना राउटर पडलेला असेल, तर तोही उपयोगी पडतो. मात्र जोडणीचा क्रम उलटा करू नका. कंपनीच्या राउटरचं वाय-फाय पाहुण्यांना ठेवायचं, त्यातून एक तार काढून जुन्या राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत लावायची आणि घरची सगळी उपकरणं त्या आतल्या राउटरवर घ्यायची. लोक बरोबर उलटं करतात, पाहुण्यांना आतला राउटर देतात. मग आत बसलेल्या पाहुण्याला बाहेरच्या राउटरवरचं तुमचं घर दिसू शकतं. माळ्यावरचा राउटर फार जुना, कंपनीने अपडेट द्यायचं कधीच बंद केलेला असेल तर मात्र हा उद्योग नको, हजार-पंधराशेचा साधा नवा घ्या.

काही जण एक शक्कल लढवतात. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड गेस्टला देतात, म्हणजे शेजाऱ्यांना काही सांगावंच लागत नाही. भांडण टळतं हे खरं, पण जुना पासवर्ड कुठे कुठे पोहोचलाय ते तुम्हाला ठाऊक नसतं. नवाच द्या.

आणि गेस्टचा पासवर्डही दोन-तीन महिन्यांनी बदलत राहा. फोनमध्ये जतन झालेला पासवर्ड क्यूआर कोडने पुढे देता येतो. अँड्रॉइड 10 पासून काही फोनांवर त्याच पडद्यावर क्यूआरखाली तो साध्या अक्षरांत लिहिलेला दिसतो. तुम्ही एका काकूंना दिलात, काकूंच्या पुतण्याने तो वाचला आणि कट्ट्यावर सांगितला, इतका सोपा प्रवास आहे.

गेस्ट नेटवर्कने कायद्याचा प्रश्न सुटत नाही, हे विसरू नका. आतलं घर झाकलं जातं, बाहेरचा पत्ता तुमच्याच नावाचा राहतो. म्हणूनच गेस्ट द्यायचं ते ओळखीच्यांना आणि ठरावीक वेळेसाठी.

पायरी 6: उरलेली किरकोळ कामं

राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. ‘यूपीएनपी’ (घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा, एखादा खेळ कुरकुरला तर परत चालू करायचं की नाही ते तेव्हा ठरवा. डीव्हीआरचा पासवर्ड बदला. विंडोज लॅपटॉपवर घरच्या वाय-फायचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवला तर फोल्डर आपोआप झाकली जातात. राउटर खिडकीत ठेवला असेल तर घराच्या मध्ये आणा. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर अडतात, 2.4 च्या लांबवर जातात, त्यामुळे राउटर मध्ये ठेवून 5 गिगाहर्ट्झ वापरलं तर बाहेर जाणारा सिग्नल कमी आणि घरात वेग जास्त, दोन्ही साधतं. घरून काम करत असाल तर कंपनीचं धोरण वाचा. ऑफिसचा लॅपटॉप असलेलं नेटवर्क बाहेरच्यांना द्यायला अनेक कंपन्या मनाई करतात.

शेजाऱ्यांना सांगायचं कसं

तांत्रिक कामापेक्षा हेच जड जातं. पासवर्ड बदलल्यावर संध्याकाळपर्यंत दार वाजतं. तेव्हा कारणांची मालिका लावू नका, एकच खरं कारण द्या: ‘वहिनी, कनेक्शन माझ्या नावावर आहे, उद्या काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल. म्हणून पाहुण्यांचं वेगळं केलंय, आज रात्रीपर्यंत चालेल.’ बिल निम्मं भरणाऱ्या शेजाऱ्याशी जरा आधी बोला, चालू महिना पूर्ण होऊ द्या, त्यांच्या नावाने वेगळं कनेक्शन घ्यायला मदत करा. फायबर इमारतीपर्यंत आलेलंच असतं, जोडणी सहसा लवकर होते. विषय लांबला की गैरसमज वाढतात.

कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा अमृतधामच्या बाजूला विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देत असाल, तर मुलांनी आपल्या नावाने कनेक्शन घ्यावं हे भाडेकरारातच लिहा. वाय-फाय भाड्यातच द्यायचं असेल तर घरासाठी एक आणि खोल्यांसाठी दुसरं कनेक्शन घ्या, कोण कधी राहायला आलं त्याची नोंद ठेवा आणि खोली रिकामी झाली की त्या दिवशी पासवर्ड बदला. 2027 च्या सिंहस्थात पंचवटीपासून तपोवनापर्यंत घरोघरी पाहुणे उतरतील, काही ओळखीचे, काही ओळखीच्यांच्या ओळखीचे. तोवर गेस्ट नेटवर्क लावून, तपासून तयार असलेलं बरं. गर्दीच्या दिवसांत घाईघाईने मुख्य पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवला जातो.

चौकशी आलीच तर

पहिल्यांदा ती खरी आहे का ते बघा. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून ‘तुमच्या वाय-फायवरून गुन्हा झालाय, डिजिटल अटक केली आहे’ असं सांगणारा माणूस भामटा आहे. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवा, 1930 वर कळवा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. खऱ्या नोटिशीवर ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याची सही आणि कलम असतं. चौकशीला हजर राहायला सांगणारी नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली असू शकते, कागदपत्रं किंवा वस्तू मागवणारी कलम 94 खाली. कलम 35 ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. नाशिक शहर आणि ग्रामीण पोलिसांची सायबर ठाणी वेगवेगळी आहेत, त्यामुळे सिन्नर किंवा त्र्यंबकच्या माणसाने नोटिशीवरचं ठाणं नीट वाचून मगच निघावं.

नोटीस खरी असेल तर राउटर रिसेट करू नका. घाबरून लोक सर्वांत आधी तेच करतात आणि आपल्या बाजूचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतात. जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे आणि राउटरच्या नोंदींच्या पानाचे तारखेसह फोटो काढा. कुणाकुणाला आणि केव्हा पासवर्ड दिला होता ते आठवून लिहून काढा. ‘मी कुणालाच दिला नव्हता’ असं शेजाऱ्याला सांभाळायला म्हणू नका. वकिलाला सोबत घेऊन जा. राउटर किंवा फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि त्यावर उपकरणाचा अनुक्रमांक बरोबर लिहिलाय का, ते स्टिकरच्या फोटोशी तिथेच ताडून पाहा.